एकाच दिव्याचा रोध दर वेळी वेगळा निघतो. शक्तीच्या गणितात नेमका कोणता धरावा?

प्रयोगवही (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. विभवांतर आणि धारा मोजून त्यांवरून रोध व शक्ती काढण्याचा सराव मी सध्या करीत आहे. सूत्रे पाठ आहेत, गुणाकार-भागाकारातही चूक नाही, हे मी पुन्हा पुन्हा ताळा करून पाहिले आहे. तरीही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सविस्तर विचारत आहे.

माझ्याकडे विभवांतर कमी-जास्त करता येणारा दिष्ट धारेचा पॉवर सप्लाय, दोन मल्टिमीटर आणि वाहनांत वापरला जाणारा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तंतूचा दिवा आहे. एक मीटर दिव्याशी एकसर जोडून धारा आणि दुसरा समांतर जोडून विभवांतर मोजले. ३ व्होल्टला ०.८२ अँपिअर, ६ व्होल्टला १.२० अँपिअर आणि १२ व्होल्टला १.७५ अँपिअर धारा मिळाली. विभवांतराला धारेने भागल्यावर रोध अनुक्रमे ३.६६, ५.०० आणि ६.८६ ओहम येतो. दिवा बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, मीटर ओहमच्या स्थानावर ठेवून मोजला तर तोच रोध फक्त ०.८ ओहम दिसतो.

आता पहिला प्रश्न असा की या चारांपैकी दिव्याचा रोध म्हणायचे तरी कोणाला? विभवांतराचा वर्ग भागिले रोध या सूत्रात थंड दिव्याचा ०.८ ओहम घातला, तर १४४ ÷ ०.८ म्हणजे १८० वॅट शक्ती निघते आणि दिव्यावर तर २१ वॅट छापलेले आहे.

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. शक्ती = धारेचा वर्ग × रोध, या सूत्रावरून रोध वाढला की शक्ती वाढली पाहिजे. शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध, या सूत्रावरून रोध वाढला की शक्ती घटली पाहिजे. दोन्ही सूत्रे एकाच नियमातून आली असतील, तर ती एकमेकांच्या विरुद्ध कशी बोलतात?


तंतू

आपण वाचने नोंदवून प्रश्न विचारला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिल्याची निम्मी वाट आपोआप मोकळी होते.

मूळ सूत्र एकच आहे : शक्ती = विभवांतर × धारा. त्यात रोधाचा उल्लेखच नाही. एक कूलोम विद्युतप्रभार एक व्होल्टच्या फरकातून गेला की एक ज्यूल ऊर्जा खर्च होते आणि एका सेकंदात एक कूलोम जात असेल तर ती धारा एक अँपिअर असते. त्यामुळे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार थेट ज्यूल प्रति सेकंद, म्हणजेच वॅट, इतका येतो. पुढे ओहमच्या नियमाने विभवांतराच्या जागी 'धारा × रोध' लिहिले की एक सूत्र मिळते आणि धारेच्या जागी 'विभवांतर ÷ रोध' लिहिले की दुसरे. दोन्ही सूत्रांना एकाच घटकाची, एकाच वेळची वाचने दिली तर उत्तर एकच येते. आपल्याच १२ व्होल्टच्या वाचनावर करून पाहा : १.७५ × १.७५ × ६.८६ म्हणजे २१ वॅट, १४४ ÷ ६.८६ म्हणजे २१ वॅट आणि १२ × १.७५ म्हणजेही २१ वॅट.

'रोध वाढला की शक्तीचे काय होते' हा प्रश्न मात्र अपुरा आहे, कारण रोध वाढत असताना दुसरे काय कायम धरले आहे हे त्यात सांगितलेले नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. विभवांतर कायम ठेवून रोध वाढवला तर धारा घटते आणि शक्ती कमी होते. धारा कायम ठेवून रोध वाढवला तर ती धारा ढकलायला अधिक विभवांतर लागते आणि शक्ती वाढते. म्हणून ज्या घटकांची टोके एकाच स्रोताला समांतर जोडलेली आहेत, त्यांची तुलना करताना विभवांतराच्या वर्गाचे सूत्र हाताशी घ्यावे. एकाच मार्गात एकामागून एक जोडलेल्या घटकांसाठी धारेच्या वर्गाचे सूत्र घ्यावे. चुकीचे सूत्र घेतले तरी गणित शेवटी बरोबर येते, फक्त विचार करणाऱ्याची दिशाभूल होते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर १२ व्होल्टचाच, पण ५ वॅटचा आणखी एक दिवा आणा. त्याचा प्रकाशमान अवस्थेतील रोध १४४ ÷ ५, म्हणजे २८.८ ओहम असतो. दोन्ही दिवे १२ व्होल्टला समांतर जोडले तर २१ वॅटचा अधिक उजळ दिसेल. तेच दोन्ही एकसर जोडून १२ व्होल्ट दिले, तर ५ वॅटचा दिवा उजळेल आणि २१ वॅटचा जवळपास विझल्यासारखा राहील, कारण आता धारा दोघांतून एकच आहे आणि ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला शक्तीही जास्त येते. शिवाय मोठा दिवा थंड राहिल्यामुळे त्याचा रोध आणखी खाली येतो आणि तफावत कागदावरच्या गणितापेक्षाही वाढते.

आता पहिला प्रश्न. आपली चारही वाचने आपापल्या जागी खरी आहेत, फक्त ती चार वेगवेगळ्या तापमानांच्या तंतूची आहेत. टंगस्टनचा रोध साध्या तापमानाच्या आसपास दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४५ टक्का वाढतो आणि दिवा पूर्ण प्रकाशात असताना तंतू अडीच हजार अंशांच्या घरात असतो. इतक्या उंच तापमानाला हाच दर काटेकोरपणे लागू पडत नाही, पण चालू दिव्याचा रोध थंड दिव्याच्या दहा पटींहून बराच अधिक असणार, एवढे त्यावरून उघड होते. ३ व्होल्टला तंतू नारिंगी दिसत होता, १२ व्होल्टला पांढरट; त्याच क्रमाने रोध ३.६६ वरून ६.८६ वर गेला आहे.

म्हणून ज्या अवस्थेतील शक्ती हवी, त्याच अवस्थेतील रोध घ्यावा. थंड दिव्याचा रोध घालून आलेली १८० वॅट ही संख्या निव्वळ चूक आहे असेही नाही, कारण बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तंतू खरोखरच थंड असतो आणि स्रोताने तेवढी धारा पुरवली तर शक्ती क्षणभर अशीच प्रचंड असते. तंतू तापताच, सेकंदाच्या अगदी लहान भागात, ती खाली येते. जुने झालेले दिवे बहुधा लावण्याच्या क्षणीच का जातात, याचे एक कारण हेच आहे.

एक गोष्ट आपल्या वहीत जरूर लिहून ठेवा. १२ ऐवजी ६ व्होल्ट दिल्यावर 'विभवांतर निम्मे, म्हणून शक्ती पाव' असे सरसकट म्हटले जाते. आपल्या दिव्याने ६ व्होल्टला ७.२ वॅट घेतले आहेत. २१ चा पाव भाग ५.२५ होतो. रोध घटल्यामुळे दिव्याने अपेक्षेपेक्षा जास्त शक्ती घेतली. निक्रोमच्या (निकेल व क्रोमियम यांच्या संमिश्राच्या) तारेवर हाच प्रयोग केला तर पाव भाग बऱ्यापैकी नेमका मिळेल, कारण तिचा रोध तार लाल होईपर्यंतही काही टक्क्यांनीच बदलतो.


मापक

वरील उत्तराशी सहमत आहे. मला ०.८ ओहम या वाचनाबद्दल थोडे बोलायचे आहे, कारण ते दिव्याचे एकट्याचे नसावे अशी माझी खात्री आहे.

मल्टिमीटरच्या दोन्ही टोकसुया एकमेकींना घट्ट टेकवून ओहमचे वाचन पाहा. बहुतेक मीटर ०.२ ते ०.४ ओहम दाखवतील. हा वायरींचा, सुयांचा आणि त्यांच्या स्पर्शाचा रोध आहे. दहा किलोओहमच्या रोधकात तो कोणाच्या खिजगणतीत नसतो, पण अर्ध्या ओहमच्या तंतूमध्ये तो निम्म्याहून अधिक चूक घडवू शकतो. ते वाचन वजा केल्यावर आपल्या दिव्याचा थंड रोध बहुधा ०.५ ओहमच्या आसपास येईल.

इतका लहान रोध नेमका काढायचा असेल तर ओहमचे स्थान सोडून द्यावे आणि आपण १२ व्होल्टला केले तेच लहान प्रमाणावर करावे. दिव्यातून ०.०५ अँपिअरइतकी अल्प धारा सोडावी, म्हणजे तंतू तापणार नाही, आणि व्होल्टमीटरच्या सुया दिव्याच्याच दोन टोकांवर, धारा आणणाऱ्या वायरींच्या जोडाच्या आतल्या बाजूला टेकवाव्यात. ०.०२५ व्होल्ट दिसले तर रोध ०.५ ओहम. व्होल्टमीटरच्या वायरींतून धारा जवळपास जातच नसल्याने त्यांच्या रोधाचा वाचनावर परिणाम होत नाही. चार तारांची मोजणी म्हणतात ती हीच.

हाच नियम १२ व्होल्टच्या वाचनालाही लागू आहे. पॉवर सप्लायच्या पडद्यावर दिसणारे विभवांतर हे सप्लायच्या टोकांवरचे असते, दिव्यावरचे नव्हे. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाता-येता मिळून ३ मीटर असेल तर तिचा रोध सुमारे ०.१ ओहम होतो. १.७५ अँपिअरला तिच्यात ०.१८ व्होल्ट पडतात आणि ०.३ वॅट शक्ती तारच तापवण्यात जाते. धारा मोजणाऱ्या मीटरचाही थोडा रोध असतो, तो यात आणखी भर घालतो. आपण दुसरा मीटर थेट दिव्याला समांतर जोडला असेल तर या सगळ्यातून आपली सुटका झालेली आहे.

व्होल्टमीटर नेहमीच घटकाच्या टोकांवर लावावा, असे मात्र समजू नये. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. आपण ४.७ मेगाओहमचा रोधक मोजायला घेतला आणि व्होल्टमीटर त्याला समांतर लावला, तर अमीटरमधून, म्हणजे धारा मोजणाऱ्या मीटरमधून, रोधकाची आणि व्होल्टमीटरची अशी दोघांची मिळून धारा जाते आणि भागाकार ३.२ मेगाओहम येतो. तेथे व्होल्टमीटर अमीटरच्या बाहेरच्या बाजूला लावावा, कारण अमीटरचा रोध मेगाओहमपुढे नगण्य आहे. लहान रोधाला एक जोडणी, मोठ्या रोधाला दुसरी.

एककांच्या बाबतीत एक सोय सांगून ठेवतो. धारा मिलिअँपिअरमध्ये असेल तर व्होल्ट भागिले मिलिअँपिअर याचे उत्तर किलोओहममध्ये येते आणि व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर याचे मिलिवॅटमध्ये. १२ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर असताना रोध ०.६ ओहम लिहिलेला मी अनेक वह्यांत पाहिला आहे, तो ०.६ किलोओहम, म्हणजे ६०० ओहम आहे.

गेओर्ग सिमोन ओहम यांनी आपला नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्याआधीच्या प्रयोगांत त्यांना अशाच मोजणीच्या अडचणीने गाठले होते. तेव्हाच्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई, म्हणून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवले आणि त्यातून मिळणाऱ्या अल्प पण स्थिर विभवांतरावर वाचने घेतली. स्रोत स्थिर झाला, तेव्हाच नियम दिसला.


प्रयोगवही

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुया एकमेकींना टेकवल्यावर मीटर ०.३ ओहम दाखवतो, म्हणजे थंड दिव्याचा रोध ०.५ ओहम ठरला. चार तारांच्या पद्धतीनेही तेवढाच आला. १४४ ÷ ०.५ केले तर पहिल्या क्षणाची शक्ती २८८ वॅट निघते. माझा पॉवर सप्लाय ५ अँपिअरवर थांबतो, त्यामुळे ती प्रत्यक्षात कधीच येत नसणार, हेही लक्षात आले.

आता पुढचे दोन प्रश्न. पहिला असा की १२ व्होल्टच्या, ब्रश असलेल्या एका लहान मोटरवर हीच मोजणी केली. मोकळी फिरत असताना नव्हे, तर पंख्याचे पाते लावून फिरवली असता १२ व्होल्टला १.० अँपिअर धारा आहे, म्हणजे रोध १२ ओहम. पण बंद मोटरच्या टोकांवर, वायरींचा रोध वजा करून, २ ओहमच येतात. येथेही तापमानाचाच परिणाम मानावा का? मोटर हाताला जेमतेम कोमट लागते.

दुसरा असा की १० ओहम, १० वॅटच्या तारेच्या रोधकाला १२ व्होल्ट थेट दिले तर १४.४ वॅट होतात, जे त्याच्या क्षमतेबाहेर आहे. म्हणून विभवांतर अतिशय जलद चालू-बंद करून शक्ती कमी करणारा पीडब्ल्यूएम नियंत्रक मध्ये घातला आणि तो निम्म्यावर ठेवला. मीटर ६.० व्होल्ट आणि ०.६० अँपिअर दाखवतो. भागाकार बरोबर १० ओहम येतो, गुणाकार ३.६ वॅट. परंतु याच रोधकाला पॉवर सप्लायवरून थेट ६ व्होल्ट दिले असता तो जेवढा तापतो, त्याहून तो या नियंत्रकावर बराच जास्त तापतो आहे. मीटर बिघडला आहे का?


कुंतल

मोटरचे उत्तर मी देतो. तापमानाचा येथे संबंध नाही. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. २ ओहमचे १२ ओहम व्हायला तांबे हजाराहून अधिक अंशांनी तापावे लागेल आणि तोवर वेटोळ्यावरचे वार्निश केव्हाच जळून गेलेले असेल.

मोटर फिरू लागली की तिचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात फिरत असल्याने ती स्वतःच जनित्रासारखी वागते आणि बाहेरून दिलेल्या विभवांतराच्या विरुद्ध दिशेने एक विभवांतर निर्माण करते. आपल्या वाचनांवरून ते थेट काढता येते. १ अँपिअरला २ ओहमच्या वेटोळ्यात २ व्होल्ट पडतात. उरलेले १० व्होल्ट हे ते विरोधी विभवांतर. म्हणून १२ ÷ १ = १२ हा भागाकार गणित म्हणून बरोबर असला तरी तो कोणत्याही तारेचा रोध नाही आणि त्यावर विसंबून पुढचे काही काढू नये.

शक्तीची तीन सूत्रे एकमेकांपासून फारकत घेतात ती येथेच. मोटरला मिळणारी एकूण विद्युतशक्ती १२ × १, म्हणजे १२ वॅट आहे. वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने जाणारी शक्ती १ × १ × २, म्हणजे २ वॅट आहे. मोटर कोमट लागते ती एवढ्यामुळेच. उरलेले १० वॅट पाते फिरवणे, हवा ढकलणे आणि अक्षाचे घर्षण यांत खर्च होतात. विभवांतराचा वर्ग भागिले रोध हे सूत्र संपूर्ण १२ व्होल्ट धरून वापरले, तर १४४ ÷ २ = ७२ वॅट निघतात आणि फिरत्या मोटरच्या बाबतीत हा आकडा पूर्णपणे चुकीचा ठरतो. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडलेला धारेच्या वर्गाचा नियम वाहकात निर्माण होणाऱ्या उष्णतेविषयीचा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही : धारेचा वर्ग गुणिले रोध म्हणजे तारेतील उष्णता, विभवांतर गुणिले धारा म्हणजे स्रोताकडून घेतलेली सर्व शक्ती. दिवा, शेगडीचे कुंतल किंवा रोधक यांच्यात या दोन्ही समान असतात, कारण तेथे विद्युतऊर्जेला उष्णता होण्यावाचून दुसरी वाट नसते.

हाच ७२ वॅटचा आकडा खरा होतो तो मोटर अडकली की. अक्ष फिरेनासा झाला तर विरोधी विभवांतर शून्य होते, धारा १२ ÷ २ = ६ अँपिअरवर चढते आणि ७२ च्या ७२ वॅट त्या लहानशा वेटोळ्यात उष्णता होऊन साठू लागतात. अडकलेली मोटर काही वेळातच जळते ती यामुळे. आपला सप्लाय ५ अँपिअरवर थांबत असला तरी ५ × ५ × २ म्हणजे ५० वॅट होतातच, तेव्हा अक्ष हाताने धरून हा प्रयोग करू नये.

चार्ज होत असलेली बॅटरी आणि एलईडी यांच्यातही असाच भाग आहे. त्यांना द्यावी लागणारी शक्ती विभवांतर गुणिले धारा यावरूनच काढावी. तेथे 'विभवांतर भागिले धारा' हा रोध एका वाचनापुरता निघतो आणि पुढच्या वाचनाला बदललेला असतो.


तंतू

आपला मीटर बिघडलेला नाही. तो सरासरी दाखवतो आहे आणि शक्ती ही सरासरींच्या गुणाकारातून निघत नाही.

पीडब्ल्यूएम निम्म्यावर असताना रोधकावर कधीही ६ व्होल्ट नसतात. अर्धा वेळ पूर्ण १२ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, उरलेला अर्धा वेळ दोन्ही शून्य. पहिल्या अर्ध्यात शक्ती १४.४ वॅट, दुसऱ्या अर्ध्यात शून्य, सरासरी ७.२ वॅट. मीटरने मात्र विभवांतराची सरासरी वेगळी आणि धारेची सरासरी वेगळी काढली, आपण त्यांचा गुणाकार केला आणि उत्तर खऱ्याच्या नेमके निम्मे आले. विभवांतर × धारा हे सूत्र प्रत्येक क्षणाला लागू आहे. आधी क्षणोक्षणीचा गुणाकार आणि मग त्याची सरासरी, हा क्रम उलटवून चालत नाही.

यात फसवे काय असेल तर तो १० ओहमचा भागाकार. विभवांतर आणि धारा दोन्हींची सरासरी एकाच प्रमाणात घटल्यामुळे त्यांचे गुणोत्तर अचूक राहते, आणि रोध बरोबर आला म्हणून माणूस शक्तीही बरोबर असणार असे मानतो. ३.६ वॅट खरे मानून कोणी येथे ५ वॅटचा रोधक लावला असता, तर प्रत्यक्षात ७.२ वॅट सोसताना तो अतितापून निकामी झाला असता. आपला १० वॅटचा आहे म्हणून तो टिकला. थेट विभवांतर द्यायचे झाल्यास त्याची मर्यादा १० × १० चे वर्गमूळ, म्हणजे १० व्होल्ट आहे, आणि तीसुद्धा भोवती हवा खेळती असेल तरच गृहीत धरावी.

येथे वर्गमाध्यमूळ मूल्य (इंग्रजीत आरएमएस), म्हणजे क्षणोक्षणीच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, उपयोगी पडते. १४४ च्या निम्म्याचे वर्गमूळ ८.४९ व्होल्ट येते. त्याचा वर्ग भागिले १० ओहम म्हणजे ७.२ वॅट. प्रत्यावर्ती धारेचे २३० व्होल्ट असे जे म्हणतात, तेही वर्गमाध्यमूळ मूल्यच असते. त्या तरंगाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणूनच शेगडीच्या कुंतलासाठी २३० चा वर्ग भागिले रोध हे गणित प्रत्यावर्ती धारेतही जसेच्या तसे चालते. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर धारा विभवांतराच्या मागे पडते आणि तेथे शक्तिगुणांकाने, म्हणजे खरी शक्ती आणि 'विभवांतर × धारा' यांच्या गुणोत्तराने, गुणावे लागते : २३० व्होल्ट, २ अँपिअर आणि शक्तिगुणांक ०.८ असेल तर शक्ती ४६० नव्हे, ३६८ वॅट. ही गणिते कागदावरच करावीत. सरावासाठी मुख्य पुरवठ्याच्या उघड्या तारांना मीटर लावू नये.

आपल्या मीटरवर 'ट्रू आरएमएस' असे लिहिलेले असेल तर एसीच्या स्थानावर पुन्हा वाचन घ्या. बरेच मीटर त्या स्थानावर दिष्ट भाग गाळून केवळ बदलता भाग दाखवतात, तेव्हा येथेही सुमारे ६ व्होल्टच दिसतील आणि आपण पुन्हा बुचकळ्यात पडाल. दिष्ट भागाचा वर्ग ३६ आणि बदलत्या भागाचा वर्ग ३६ यांची बेरीज ७२. तिचे वर्गमूळ तेच ८.४९.


मापक

याहून सरळ पडताळणी हवी असेल तर उष्णताच मोजावी. ज्यूल यांनीही तारेत निर्माण होणारी उष्णता ती तार पाण्यात बुडवून, त्या पाण्याच्या तापमानवाढीवरूनच मोजली होती. रोधक आणि त्याचे जोड पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिरणार नाही असे बांधा, १०० ग्रॅम पाणी असलेल्या थर्मोकोलच्या पेल्यात बुडवा आणि पाणी हळूहळू ढवळत राहा. १०० ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४१८ ज्यूल लागतात. ७.२ वॅट असतील तर १० मिनिटांत ४३२० ज्यूल मिळतील आणि तापमान १०.३ अंशांनी वाढेल. ३.६ वॅटच असतील तर ५.२ अंश. थोडी उष्णता पेल्यात, हवेत आणि खुद्द रोधकात राहील, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ गणितापेक्षा किंचित कमीच येईल, पण दोन आकड्यांत दुपटीचा फरक असल्याने निवाडा स्पष्ट होईल.


प्रयोगवही

सांगितल्याप्रमाणे केले. सुरुवातीचे तापमान २६.१ अंश, १० मिनिटांनंतरचे ३५.६ अंश, वाढ ९.५ अंश. ९.५ × ४१८ ÷ ६०० म्हणजे ६.६ वॅट पाण्यात उतरले. पाणी बदलून, नियंत्रक काढून, त्याच रोधकाला थेट ६ व्होल्ट दिले तेव्हा तेवढ्याच वेळात वाढ ४.८ अंश आली, म्हणजे ३.३ वॅट. दोन्ही वेळा मीटरने ६.० व्होल्ट आणि ०.६० अँपिअरच दाखवले होते.